डोळ्यांत तेल घालण्याचा ठेका

मे महिना. दुर्ग-भिलाईकडे पारा चाळिशी ओलांडून पुढे सरकलेला. मोहननगरसारख्या वस्तीत दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. घराघरांत कूलर घरघरतोय आणि नागपूर-अमरावतीहून सुटीला आलेल्या भाचरांनी एकच धोशा लावलाय – ‘मामा, पोहायला चला ना!’ अखेर मामा हरतात. संध्याकाळच्या बॅचची तिकिटं निघतात, टोप्या-गॉगल खरेदी होतात आणि पोरं धडाधड पाण्यात उतरतात. मामी कठड्यालगतच्या बाकावर बसते. समोर उंच खुर्चीत लाल बनियनमधला, गळ्यात शिट्टी अडकवलेला एक तरुण दिसतो. मामी त्याच्याकडे एकवार बघते, ‘आहे की माणूस!’ असं मनाशी म्हणते आणि निर्धास्तपणे पर्समधून मोबाइल काढते.

गावोगावच्या जलतरण तलावांवर उन्हाळाभर दिसणारं हे दृश्य. मामीच्या त्या एका नजरेत केवढा विश्वास आहे! पण हा तरुण कोण? त्याला कुणी नेमलं? पगार कोण देतं? आणि नेमकं कोणतं काम करायला त्याला तिथं बसवलंय? तिकीट काढताना हे प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

एके काळी ते विचारण्याची गरजही नव्हती. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला डबा किंवा भोपळा बांधलेला असे, कमरेच्या दोराचं दुसरं टोक काकांच्या मुठीत असे आणि काठावर अर्धी आळी जमलेली असे. छत्तीसगड तर तळ्यांचाच मुलूख. दुर्गजवळचं पुरई हे गाव तळ्यात घडलेल्या पोहणाऱ्या मुलांमुळे नावाजलं गेलं. अशा ठिकाणी अपघात होत नसत असं नाही, पण नजर ठेवणं हे सगळ्यांचं काम असे. तलावाचं तिकीट काढलं की मात्र ते काम आपोआप दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. आपण पैसे मोजलेत, म्हणजे कुणीतरी बघत असणारच – अशी समजूत करून घेतली जाते.

तो ‘कुणीतरी’ आता बहुतेक वेळा ठेक्यावरचा असतो. साखळी साधारण अशी: तलाव महापालिकेचा, नगरपालिकेचा किंवा एखाद्या कारखान्याच्या वसाहतीचा. कायम नोकरीतले जीवरक्षक निवृत्त होतात, त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. मग निविदा निघते. कधी फक्त जीवरक्षक पुरवण्याची, तर कधी तलावाची साफसफाई, पाणी शुद्धीकरण, तिकीटखिडकी आणि जीवरक्षक अशा सगळ्या कामांची एकत्र. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते. ठेकेदार पोरं गोळा करतो, बनियन आणि शिट्टी देतो आणि खुर्चीवर बसवतो. कागदोपत्री सगळं ठाकठीक.

ठेका देणं मुळातच वाईट, असं नाही. ठेकेदार कसलेला असेल तर प्रशिक्षण, सराव, बदली माणूस, साधनांची देखभाल या गोष्टी तो एखाद्या नगरपालिकेपेक्षा चांगल्या सांभाळू शकतो. प्रश्न असा, की नगरपालिका त्याच्याकडून विकत काय घेते – माणसं की नजर? निविदेत ‘जीवरक्षक – ३ नग’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तीन नगच मिळणार. नजर मिळेलच असं नाही.

नजरेचं एवढं महत्त्व का? सिनेमात बुडणारा माणूस हात उंचावून ‘वाचवा, वाचवा’ ओरडतो. प्रत्यक्षात तसं सहसा घडत नाही. न्यू यॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर अनेक वर्षं जीवरक्षक म्हणून काम केलेल्या फ्रँक पिया यांनी १९७० च्या सुमारास बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण केलं आणि त्याचा बारकाईनं अभ्यास केला. त्यांना काय दिसलं? खरोखर बुडणारा माणूस ओरडत नाही, कारण तोंड पाण्यावर येतं तेवढ्या क्षणात त्याला जेमतेम श्वास घेता येतो, शब्द फुटत नाही. तो हात हलवून बोलावतही नाही. हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात, शरीर उभंच्या उभं राहतं. ही धडपड वीस ते साठ सेकंद चालते आणि मग माणूस खाली जातो. लहान मूल असेल तर आणखी लवकर. दहा हातांवर खेळणाऱ्या दुसऱ्या पोरांना वाटतं, हाही खेळतोच आहे.

म्हणजे आवाज ऐकून धावायचं म्हटलं तर उशीर झालेलाच असतो. पियांनी १९८४ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. जीवरक्षक हजर असतानाही माणसं बुडतात, त्याची त्यांनी तीन कारणं सांगितली. पहिलं, बुडण्याची खूण ओळखता येत नाही. दुसरं, जीवरक्षकावर भलतीच कामं लादली जातात. तिसरं, त्याचं लक्ष विचलित होतं – गप्पांनी, कंटाळ्यानं, आजच्या काळात मोबाइलनं.

यातलं दुसरं कारण आपल्याकडच्या तलावांना अगदी नेमकं लागू पडतं. एकत्र ठेक्यात खुर्चीवरचा पोरगाच तिकिटं तपासतो, तोच क्लोरीन टाकतो, तोच जाळीनं पानं काढतो, बॅच बदलली की तोच शिट्टी वाजवून लोकांना बाहेर काढतो. शिवाय चार पैसे वरकड मिळावेत म्हणून उथळ भागात दोन पोरांना पोहणंही शिकवतो. तो आळशी नसतो, उलट दिवसभर राबत असतो. पण जीवरक्षकाचं काम बाहेरून बघणाऱ्याला काहीच न करण्यासारखं दिसतं. खुर्चीत बसून नुसतं पाण्याकडे बघायचं! मग व्यवस्थापकाला वाटतं, रिकामा बसलाय, लावू या कामाला. आणि ज्या मिनिटाला तो पाण्याकडे पाठ करतो, त्या मिनिटाला तलाव बेवारस होतो.

आता थोडा हिशेब मांडून पाहू. समजा, तलाव रोज दहा तास उघडा असतो आणि पूर्ण पाणी नजरेखाली राहायचं तर दोन खुर्च्या लागतात. म्हणजे रोजचे वीस आणि आठवड्याचे १४० तास खुर्ची भरलेली हवी. एका माणसाचे कामाचे तास आठवड्याला ४८. पण हलणाऱ्या, चमकणाऱ्या पाण्याकडे सलग तासन् तास एकाग्र बघणं कुणालाच जमत नाही. म्हणून चांगल्या तलावांवर साधारण अर्ध्या तासानं खुर्ची बदलतात, मध्ये विश्रांती देतात. त्यात एक तृतीयांश वेळ गेला असं धरलं, तर एका माणसाचे प्रत्यक्ष पाहऱ्याचे तास उरतात ३२. १४० ला ३२ नं भागलं की उत्तर चारच्या पुढे जातं – म्हणजे पाच माणसं. आजारपण, रजा, लग्नसराई धरली तर सहा. आणि निविदा मंजूर होते तीन माणसांच्या दरावर! उरलेल्या तिघांची किंमत कोण मोजतं? उघडच आहे, पाण्यातली पोरं.

‘पण काही झालंच तर जबाबदार ठेकेदार ना?’ असा सवाल हमखास केला जातो. याचं एक जुनं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात मिळतं. एका शिक्षणसंस्थेचा स्वतःचा जलतरण तलाव होता. फी घेऊन तो लोकांना खुला केला जाई, सुटीत पोहण्याची शिबिरं भरत आणि त्यासाठी प्रशिक्षक नेमलेला होता. अशाच एका शिबिरात दाखल केलेला एक मुलगा बुडाला. प्रशिक्षकानं त्याला बाहेर काढलं, कृत्रिम श्वासोच्छ्वास दिला, डॉक्टरकडे नेलं, पण पोरगा गेला. आईवडिलांनी ग्राहक मंचाचा दरवाजा ठोठावला. संस्थेनं जबाबदारी नाकारली. प्रशिक्षकानं आपल्या दीर्घ अनुभवाचा दाखला दिला. राज्य आयोगानं मात्र संस्था आणि प्रशिक्षक दोघांनाही सेवेतल्या त्रुटीबद्दल दोषी धरलं आणि १९९५ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं तो निर्णय कायम ठेवला.

या निकालाचा सरळ अर्थ असा, की फी घेऊन पाणी उघडं केलं की सुरक्षितता हा त्या सेवेचाच भाग होतो. माणूस दुसरा नेमला म्हणून मालकाचे हात झटकले जात नाहीत. कामगारांच्या बाबतीतही तत्त्व तेच. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं सांगून ठेवलं होतं आणि आता त्याची जागा घेणाऱ्या कामगार संहितेतही तेच आहे – ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. काम ठेक्यानं देता येतं, जबाबदारी देता येत नाही.

मग ठेका नीट चालूच शकत नाही का? चालू शकतो. त्यासाठी तलावावरून थोडं समुद्राकडे जायला हवं. जीवरक्षणाचं काम मोठ्या प्रमाणावर खासगी कंपनीकडे सोपवण्याचा आपल्याकडचा ठळक प्रयोग गोव्यात झाला. गोवा सरकारनं २००८ मध्ये किनाऱ्यांवरच्या जीवरक्षणाचं काम ‘दृष्टी’ या कंपनीकडे दिलं. शंभर किलोमीटरच्या आसपासचा किनारा, वर्षाकाठी लाखो पर्यटक आणि त्यातल्या कित्येकांनी समुद्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला! कंपनीच्या नावातच ‘दृष्टी’ असावी हा योगायोग मोठा बोलका.

तिथं नुसती माणसं उभी केली गेली नाहीत. टेहळणीचे मनोरे आले, जेट स्की आणि जीपगाड्या आल्या, प्रशिक्षण आलं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागात पोहा, निव्वळ लाल झेंडा दिसला तर पाण्यात उतरू नका, ही खूण लोकांना कळू लागली. पाहऱ्याची वेळ ठरली – सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा. पुढे दूधसागर धबधबा आणि मये तलावासारख्या गोड्या पाण्याच्या जागीही जीवरक्षक नेमले गेले. २०२३ मध्ये तर ‘ऑरस’ नावाचा किनाऱ्यावर गस्त घालणारा यंत्रमानव आणि ‘ट्रायटन’ ही कॅमेऱ्यातून पाणी न्याहाळणारी यंत्रणा दाखल झाली. अर्थात यंत्र इशारा देऊ शकतं, पाण्यात उडी माणसालाच घ्यावी लागते.

त्या माणसाचं काय? २०१८ च्या अखेरीस गोव्यातले जीवरक्षकच पणजीच्या आझाद मैदानावर धरणं धरून बसले. आम्हाला सरकारी सेवेत घ्या, ही त्यांची मागणी. पर्यटकांची गर्दी ऐन भरात असताना किनारे सांभाळायचे कुणी, हा पेच उभा राहिला. दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी स्वतःचा पणाला लावणाऱ्याला उद्याच्या नोकरीची शाश्वती हवीशी वाटली, तर त्यात नवल काय? साधनं उत्तम असली तरी ठेक्याच्या कागदावर माणसाचा उद्याचा दिवस लिहिलेला नसेल, तर पाहरा कधीतरी ढासळतोच.

ठेक्याचा कागद किती आंधळा होऊ शकतो, याचा एक किस्सा परदेशातला. अमेरिकेत तलाव आणि किनाऱ्यांवरचे जीवरक्षक पुरवणाऱ्या मोठमोठ्या खासगी कंपन्या आहेत. २०१२ च्या जुलैमध्ये फ्लोरिडातल्या हॅलंडेल बीचवर ठेक्यावर काम करणाऱ्या एकवीस वर्षांच्या जीवरक्षकाला कुणीतरी सांगितलं, पलीकडे माणूस बुडतोय. पोरगा धावला, मदत केली, माणूस वाचला. बक्षीस काय मिळालं? नोकरी गेली! कारण बुडणारा माणूस कंपनीच्या ठेक्याच्या हद्दीबाहेर होता. देशभर गहजब झाला, कंपनीनं नोकरी परत देऊ केली, पण त्या तरुणानं ती नाकारली.

हा किस्सा ऐकून कंपनीला शिव्या घालणं सोपं आहे. पण तिचं म्हणणंही एकदा ऐकायला हवं – एकानं जागा सोडली तर त्याच्या मागचं पाणी उघडं पडतं. हे खोटं नाही. म्हणूनच करार करतानाच ठरवून ठेवायला हवं, की शेजारी संकट आलं तर कोण धावणार आणि त्याची जागा कोण भरणार. हद्द करारानं आखावी, पण ती माणुसकीच्या आड येऊ नये एवढी मोकळीक त्यात असावी.

मग तलावाच्या ठेक्यात काय लिहिलेलं असावं? पहिली गोष्ट, किती माणसं नव्हे तर किती खुर्च्या, किती वेळ भरलेल्या हव्यात. दुसरी, खुर्चीवरच्या माणसाला दुसरं कोणतंही काम सांगू नये. शिकवणारे सर वेगळे, राखणारा वेगळा. तिसरी, प्रमाणपत्र. पुण्यातून काम करणाऱ्या राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटीसारख्या संस्था जीवरक्षणाचं रीतसर शिक्षण देतात. उत्तम पोहता येणं आणि दुसऱ्याला वाचवता येणं या दोन निराळ्या विद्या आहेत. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्याच गळ्यात मिठी मारतो आणि दोघंही बुडतात. म्हणून रिंग किंवा बांबू आधी, उडी नंतर, हे शिकावं लागतं. चौथी, सराव आणि अचानक तपासणी. परदेशात काही ठिकाणी मनुष्याकृती बाहुली गुपचूप पाण्यात सोडतात आणि घड्याळ लावतात. दहा सेकंदांत नजरेला पडली पाहिजे, पुढच्या वीस सेकंदांत तिथं पोचलं पाहिजे. अशी एक बाहुली आपल्या नगरपालिकेला परवडू नये?

आणि पाचवी गोष्ट, ठेका दराबरोबर अनुभव पाहूनही द्यावा आणि पोरांचा पगार, भविष्यनिधी, विमा भरल्याची पावती दाखवल्याशिवाय बिल मंजूर करू नये. तळपत्या उन्हात पाण्याकडे बघत बसणाऱ्याला डोक्यावर छत्री, डोळ्यांना चष्मा आणि प्यायला गार पाणी मिळतं का, हेही बघावं. पावसाळा लागला की घरी बसवलेला पोरगा पुढच्या उन्हाळ्यात परत येईलच असं नाही. येतो तो नवा आणि कच्चा.

हे झालं कारभाऱ्यांचं काम. पण बाकावर बसणाऱ्या आयांना, माम्यांना आणि आजोबांनाही बरंच काही करता येतं. तलावावर गेल्यावर आधी पाण्याकडे बघा. तळाच्या रेषा स्वच्छ दिसत नसतील तर जीवरक्षकालाही तळाशी गेलेलं मूल दिसणार नाही. अशा पाण्यात पोरांना उतरवूच नका. काठावर रिंग, दोर, लांब बांबू हाताशी आहेत का? प्रथमोपचाराची पेटी कुलपात तर नाही? खुर्चीवरचा माणूस मोबाइल बघत असेल तर संकोच न करता व्यवस्थापकाला सांगा. त्याच्याशी गप्पा मारायला मात्र स्वतःही जाऊ नका. आणि पोहता न येणारं लहान मूल असेल, तर जीवरक्षक असला तरी तुमच्या हाताच्या अंतरावर ठेवा.

आणखी एक. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पालथं घालून पोट दाबायचं, पाणी काढायचं, ही रीत अजून चालते. आजचं वैद्यकशास्त्र ती चुकीची ठरवतं. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. श्वास थांबला असेल तर उताणं झोपवून तोंडानं श्वास द्यायचा, छाती दाबायची – तीस दाब, दोन श्वास – आणि त्याच वेळी कुणीतरी १०८ ला फोन लावायचा. मेंदूला प्राणवायू न मिळाल्यास चार-सहा मिनिटांत न भरून येणारी हानी सुरू होते. दवाखाना कितीही जवळ असला तरी पहिली चार मिनिटं तलावाच्या काठावरच्या माणसांच्याच हातात असतात.

भारतात दरवर्षी ३५ हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अलीकडचे अहवाल सांगतात. नदी, विहीर, तळं, समुद्र... पाणी कुठलंही असो. प्रत्येक काठावर माणूस बसवणं शक्य नाही. पण जिथं तिकीट घेऊन पाण्यात सोडलं जातं, तिथं तरी तो बसवता येतो आणि त्याचं लक्ष शाबूत ठेवता येतं.

तर पुढच्या खेपेला पोरांना घेऊन तलावावर गेलेल्या मामीनं एवढंच करावं. ‘आहे की माणूस!’ म्हणून थांबू नये. पाच मिनिटं त्या माणसाकडे बघावं. तो पाण्याकडे बघतोय ना, याची खात्री करून घ्यावी. तो खरोखर बघत असेल, तर बॅच संपल्यावर पोरांना त्याच्याजवळ नेऊन ‘दादांना थँक्यू म्हणा’ असं जरूर सांगावं. दिवसभरात त्याच्याशी नीट बोलणारं कदाचित ते पहिलंच माणूस असेल. आणि तोवर मोबाइल? तो पर्समध्येच बरा.